लहान निरोप पोचतो, मोठी यादी का अडकते?

सभासद बंधु-भगिनींनो,

गेल्या लागण हंगामात आपल्या एका गट कार्यालयातून ऊस नोंदीच्या याद्या मुख्य कार्यालयात वेळेवर पोचल्या नाहीत. संगणक चालू, लाईन चालू, दोन ओळींचा निरोप लगेच जाई. पण पूर्ण गावाची यादी धाडली की अर्ध्यावर थबके. नोंदीच्या तारखेवर तोडणीचा क्रम ठरतो. तेव्हा "आमची आडसाली मागे पडली तर जबाबदार कोण?" असा जाब सभासदांनी विचारला, तो रास्तच होता. "नेट मंद आहे" म्हणून आम्ही आठवडाभर वेळ मारून नेली, ही आमची चूक. खरा दोष कोठे होता ते सांगतो.

आपली दोन्ही कार्यालये व्हीपीएनने जोडली आहेत. म्हणजे रस्ता सार्वजनिक इंटरनेटचाच, पण माल कुलूपबंद पेटीतून न्यायचा. यादी अखंड जात नाही. उसाच्या मोळ्या बांधाव्यात तशी तिची पाकिटे होतात. साध्या जोडणीवर एक पाकीट जास्तीत जास्त 1500 बाईटचे. व्हीपीएनची पेटी स्वतःच साधारण 60 ते 80 बाईट खाते. भरलेले पाकीट पेटीत घातले की माप 1500 च्या वर गेलेच!

त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन मोखाडा-जव्हारमार्गे डहाणूच्या महालक्ष्मीला गेलेल्यांना तो घाटरस्ता आठवेल. समजा, तशा घाटात एक अरुंद पूल लागला. पुलावरचा राखणदार एक तर मोठ्या खेपेच्या दोन लहान खेपा करील, नाहीतर "माल मोठा आहे, कमी भरा" अशी चिठ्ठी माघारी धाडील. संगणकाच्या बहुतेक पाकिटांवर "तुकडे करू नयेत" असा शिक्का असतो, म्हणून चिठ्ठीच यावी लागते. आमच्याकडे सुरक्षेसाठी बसविलेली फायरवॉल ती चिठ्ठीच अडवीत होती! पाठविणाऱ्या संगणकाला काही कळेना, तो तीच मोठी खेप पुन्हा पुन्हा धाडी. लहान निरोप मात्र पुलावरून सहज निघून जात.

याची परीक्षा सोपी आहे. पिंग या आज्ञेत "तुकडे करू नका" अशी सूचना घालून 1472 बाईट पाठवावेत. वरची 28 बाईट धरून ते 1500 होतात. उत्तर न आल्यास आकडा उतरवीत जावे. आमच्याकडे 1372 ला उत्तर आले, म्हणजे वाटेचे माप 1400. मग व्हीपीएनचे माप 1400 केले, प्रत्येक पाकिटातील मजकुराची मर्यादा 1360 ठेवली आणि फायरवॉलला ती चिठ्ठी सोडण्यास सांगितले. त्याच संध्याकाळी सगळ्या याद्या गेल्या.

अडकलेल्या नोंदी कागदावरील मूळ तारखेनेच धरल्या आहेत; कोणाचाही क्रम मागे गेलेला नाही. तरीही सभासदांनी सहीशिक्क्याची नोंद पावती जपून ठेवावी. आणि आमच्या कर्मचाऱ्याने "नेट मंद आहे" म्हटले, तर एकच विचारावे: "लहान निरोप जातो का?" जात असेल तर लाईन ठीक आहे, खेप मोठी आहे. मग दुरुस्तीला आठवडा लागता कामा नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी