परिविक्षा अधिकारी : एक उपेक्षित दुवा

नगर जिल्ह्याला तुरुंगाचा परिचय जुना आहे. १९४२ च्या चळवळीत पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे त्यांचे सहकारी येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. त्याआधी, सविनय कायदेभंगाच्या काळात, श्रीगोंदे तालुक्यातील विसापूरच्या तुरुंगात सत्याग्रही ठेवले जात. त्या तुरुंगवासाने माणसांची प्रतिष्ठा वाढली. परंतु विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरली म्हणून एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा तुरुंगात जातो, त्याची गोष्ट निराळी असते. तो गावी परततो तेव्हा त्याला कोणी कामाला लावीत नाही, आणि पुढच्या प्रत्येक चोरीचा पहिला संशय त्याच्यावरच येतो.

अशा मुलासाठी कायद्याने दुसरी वाट ठेवलेली आहे. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमानुसार, ज्या गुन्ह्याला मृत्युदंडाची वा जन्मठेपेची शिक्षा नाही अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीस न्यायालय तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. बंधपत्राची मुदत अधिकांत अधिक तीन वर्षांची. या काळात त्या व्यक्तीला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येते. एकवीस वर्षांखालील आरोपीच्या बाबतीत तर या अधिकाऱ्याचा अहवाल मागविल्याशिवाय आणि कारणे नोंदविल्याशिवाय त्याला तुरुंगात धाडू नये, अशी कायद्याची आज्ञा आहे. मुंबई प्रांताने असा कायदा १९३८ मध्येच केला होता. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही. तिचा वापर मात्र अजून अंगवळणी पडलेला नाही.

हा अधिकारी प्रत्यक्षात करतो काय? माझा एक जुना विद्यार्थी या कामात आहे. मध्यंतरी पाथर्डीच्या एस.टी.त त्याची गाठ पडली. एका मुलाच्या चौकशीसाठी तो निघाला होता. "सर, सरकारी जीप गल्लीत नेली की गाव म्हणते पोलीस आले. म्हणून मी फाट्यावर उतरतो आणि चालत जातो," तो म्हणाला. मुलाची आई, सरपंच, शाळेतले गुरुजी, जिथे तो कामाला होता तो गॅरेजवाला, अशा चार-सहा जणांशी बोलून तो अहवाल लिहिणार होता. घरात मिळवते कोण, संगत कोणाची, दारूचे व्यसन आहे का, चोरी हौसेची की गरजेची, हे त्या अहवालात यायचे. फिर्यादीच्या कागदांत गुन्हा असतो. या अहवालात माणूस असतो. न्यायाधीशाला दोन्ही हवेत.

हजेरी आणि देखरेख

देखरेख या शब्दाला आपल्या ग्रामीण भागात एक कटू इतिहास आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी आणि इतर अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्या काळी चावडीवर किंवा पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागे, आणि दुसऱ्या गावी जायचे तर परवाना लागे. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला तरी नजर गेली नाही, हे या जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. परिविक्षेतील देखरेख याच्या नेमकी उलट असावयास हवी. अधिनियमाच्या चौदाव्या कलमात अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत लक्ष ठेवण्याबरोबरच त्या व्यक्तीस योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे, हेही एक कर्तव्य आहे. पोलिसाला असे कर्तव्य कोणी सांगितलेले नाही. म्हणूनच संचित किंवा अभिवचन रजेवर आलेल्या कैद्याने ठाण्यात जाऊन सही करणे आणि परिविक्षा अधिकाऱ्याने घरी जाऊन चौकशी करणे, यांत मोठे अंतर आहे.

विश्वासाचा हा प्रयोग महाराष्ट्राला अपरिचित नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. तिच्यावरूनच शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट पाहून आपले डोळे पाणावले. परंतु ज्याला तसे काम रोज करावे लागते त्याच्याकडे आपले लक्ष गेले नाही.

कायदा आणि कोयता

या कामातील खरी अडचण आमच्या जिल्ह्यात दिसते. बंधपत्रावर सोडताना न्यायालय राहण्याच्या ठिकाणासंबंधी अट घालू शकते. आता पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कुटुंबांचे जीवन पाहा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. अट पाळून गावात राहिला तर पोट चालत नाही आणि उचलही फिटत नाही. फडावर गेला तर अट मोडते. अट मोडल्यास न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. येथे अधिकारी जागरूक असेल तर तो वेळेवर न्यायालयाकडून अट बदलून घेतो, आणि तो माणूस ज्या जिल्ह्यात जाणार तेथील अधिकाऱ्याला कळवितो. नसेल, तर दारिद्र्याचाच गुन्हा होतो.

परंतु त्याने जागरूक राहावे तरी किती? चौदा तालुके आणि सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा हा जिल्हा. एका टोकाला सह्याद्रीतले अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. शिवाय परिविक्षेचे काम महिला व बालविकास खात्याकडे आहे, आणि त्याच अधिकाऱ्यांकडे मुलांसंबंधीच्या कायद्यांचे कामही असते. एका घरभेटीत एक दिवस जातो.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला हिशेबाची एक बाजू मांडावीशी वाटते. तुरुंगातील माणसाचा खर्च म्हणजे केवळ त्याचे अन्न, वस्त्र आणि पहारा नव्हे. त्याची बुडालेली मजुरी, त्याच्या मुलाची सुटलेली शाळा आणि घराने सावकाराकडून काढलेले कर्ज, हेही त्यात धरले पाहिजे. सरकारी अंदाजपत्रकात हा खर्च दिसत नाही, कारण तो गरिबाच्या घरात होतो. याउलट परिविक्षेतील माणूस मिळवता राहतो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय याच कायद्याखाली देऊ शकते. तार चोरीला गेलेल्या शेतकऱ्याला चोराच्या तुरुंगवासातून एक पैसाही मिळत नाही.

"मग गुन्हेगार मोकळाच सुटला म्हणायचा," असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. देखरेख कागदावर राहिली तर तो खराच ठरतो. त्यावर उपाय देखरेख खरी करणे हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने याची निकड वाढविली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू प्रथमच चोरणाऱ्याने ती परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे त्यात म्हटले आहे. ही सेवा कोणाच्या देखरेखीखाली व्हायची, हे मात्र संहितेने सांगितलेले नाही. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला केवळ प्रौढ अपराध्यांसाठी एक परिविक्षा अधिकारी आणि त्याला पुरेसा प्रवासभत्ता, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

सरकारने करावयाचे ते करावे. काही आपल्याही हाती आहे. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला "मला यात ओढू नका" असे सांगणारे अनेकदा आपल्यासारखेच शिक्षक आणि कारकून असतात. त्या मुलाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, चांगले आणि वाईटही, ते खरे सांगावे. कुणाचे दुकान, कुणाचे वर्कशॉप असेल त्याने त्याला सहा महिने काम देऊन पाहावे. माझ्या विद्यार्थ्याला मी विचारले, या मुलांसाठी सर्वांत कठीण काय मिळविणे? मला वाटले तो जामीनदार म्हणेल. तो म्हणाला, "मालक, सर. जामीनदार एकदा सही करतो. मालकाला रोज सकाळी त्याला आत घ्यावे लागते."