साहेबाचा जाच आणि नवा नोकरदार

सिंगापूरची नोकरी लागली की घरी पेढे वाटले जातात. मग साहेब चारचौघांत टाकून बोलतो, हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचे?

लिटिल इंडियात रविवारी तेक्का मार्केटमध्ये भाजी घेताना आपली मंडळी भेटतात आणि अशा गोष्टी कानावर येतात. पुण्याहून आलेल्या एका तरुणाला त्याचा साहेब रोज सर्वांसमोर विचारी, “तुला येते तरी काय?” मुलगा हुशार, पण तो शंका विचारेनासा झाला, त्यामुळे चुका वाढल्या आणि बोलणीही. झोप उडाली, पित्त वाढले. नव्या माणसाला कचेरीची रीत ठाऊक नसते, म्हणून साहेबाचा उर्मटपणा त्याला स्वतःची नालायकी वाटते. खरे नुकसान हेच.

नोकरी सोडावी, तर पास मालकाशी बांधलेला. तो रद्द झाला की बायको-मुलांचा पासही जातो आणि राहायला साधारण ३० दिवस मिळतात. कराचा हिशेब होईपर्यंत कंपनी शेवटचा पगार रोखून ठेवते. पासवाल्यांना सी.पी.एफ. नसतोच. म्हणून भीतीवरचे पहिले औषध बँकेतली शिल्लक! गावाकडच्या फ्लॅटचा हप्ता वाढवण्याआधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. घरभाड्याच्या करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ आहे ना ते पाहा. नोकरी गेल्यास त्याच्या आधारे करार मुदतीआधी संपवता येतो, बहुधा पहिल्या वर्षानंतर.

दुसरे औषध वही. तारीख, वेळ, साहेबाचे शब्द, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहा. एप्रिल २०१९ पासून एम्प्लॉयमेंट ॲक्ट मॅनेजर आणि अधिकाऱ्यांनाही लागू आहे. पगार महिना संपल्यावर ७ दिवसांत मिळायला हवा. तक्रार ‘टॅडम’ या तंटा-निवारण संस्थेकडे करावी: नोकरी सुटल्यास पगाराची ६ महिन्यांत, अन्यायाने काढल्याची १ महिन्यात. जबरदस्तीने घेतलेला राजीनामाही यात येऊ शकतो. मात्र अधिकाऱ्याला नोटीस देऊन काढले असेल, तर त्याची ६ महिने नोकरी झालेली लागते. धमकी किंवा छळ असेल, तर २०१४ चा छळविरोधी कायदा कचेरीतही लागू होतो.

तिसरे औषध डॉक्टर. दोन आठवडे झोप नसेल, तर रक्तदाब तपासून घ्या आणि कारणही सांगा. मन मोकळे करायला १७७१ हा फोन दिवसरात्र चालू असतो.

याच लिटिल इंडियात २००८ पासून एक स्वयंसेवी संस्था जखमी आणि पगार थकलेल्या कामगारांना मोफत जेवण देते. तिथे आलेला कामगार आपली अडचण सांगतो आणि सल्ला घेतो. आपण शिकलेले मात्र लाजेपोटी गप्प बसतो.

जुन्या मंडळींना एक विनंती. शेजारी नवे कुटुंब आले, तर त्यांना वरणभाताला बोलवा. पगार किती हे विचारू नका. साहेब कसा आहे, ते विचारा.