आधी वाहिनी, मग वसाहत

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरातून हातापायांतील बळ अकस्मात गेलेले रुग्ण एकापाठोपाठ एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. निदान झाले गुलेन बॅरी सिंड्रोमचे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा दुर्मीळ आजार. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली आणि काहींना प्राण गमवावे लागले. अनेक रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड गावाला ज्या विहिरीतून पाणी मिळत होते, तिच्यात खडकवासला धरणाचे पाणी सोडले जात होते. ते न गाळता, केवळ जंतुनाशक मिसळून घरोघरी पोचवले जात होते.

हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झाले होते. धरण हाकेच्या अंतरावर, गाव साडेतीन वर्षे कागदोपत्री शहराचा भाग, इमारती शहरालाही लाजवतील अशा उंच. आणि शुद्धीकरण केंद्रातून निघालेली जलवाहिनी तेवढी पोचायची राहिलेली. साथीची वैद्यकीय चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. शहर वाढवताना कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे, हा तिच्या मुळाशी असलेला नगररचनेचा प्रश्न मात्र साथ ओसरताच मागे पडला.

आपल्याकडे शहराच्या वेशीवरील गावांचे जे होते, त्याचा क्रम ठरून गेलेला आहे. प्रथम शेतजमीन अकृषिक होते किंवा तीही तसदी न घेता गुंठ्यागुंठ्याने विकली जाते. मग गृहसंकुले उभी राहतात. ग्रामपंचायतीची नळयोजना काही शे उंबऱ्यांसाठी आखलेली असते. ती हजारो सदनिकांना पुरणार नाही, हे सर्वांनाच ठाऊक असते. म्हणून नियमित पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत स्वखर्चाने पाणी देण्याचे हमीपत्र विकसकाकडून घेतले जाते. विकसक संकुल सोसायटीच्या हाती सोपवून पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि हमीपत्र फायलीत राहते. कूपनलिका आटतात, टँकर सुरू होतात, मोर्चे निघतात आणि अखेरीस गाव महापालिकेत घेतले जाते. पुण्यात २०१७ मध्ये अशी ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि पुणे ही राज्यातील सर्वांत विस्तीर्ण महापालिका ठरली. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुन्हा वेगळी काढण्यात आली. एवढ्या मोठ्या क्षेत्रासाठी जलवाहिन्या, साठवण टाक्या आणि मलवाहिन्या आखण्याचे काम तेथे लोक राहायला आल्यानंतर सुरू झाले.

याचा भार किती असतो, हे साध्या हिशेबाने कळते. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा केंद्राचा मापदंड आहे. दहा हजार वस्तीच्या भागाला त्यानुसार रोज साडेतेरा लाख लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे तर रोज १३५ फेऱ्या होतात. त्यांचा खर्च, रस्त्यावरील गर्दी, टँकर नेमका कोठे भरला याविषयीचा संशय, हे सारे रहिवासी सोसतातच. पण वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे १३५ टँकर आत आले की १०८ टँकर भरतील इतके सांडपाणी रोज कोठेतरी जाते. पाणी आले नाही तर लोक रस्त्यावर येतात. सांडपाणी सेप्टिक टँकमधून झिरपून किंवा रात्री ओढ्यात सोडून नाहीसे झाले तर ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शेजारच्या विहिरीत ते उतरते तेव्हाच त्याची आठवण होते.

नियोजनात खरे तर सांडपाण्याचा विचार पाण्याच्याही आधी करावा लागतो. त्याचे कारण तांत्रिक आहे. पिण्याचे पाणी दाबाखाली वाहते; पंप लावून ते टेकडीवरही चढवता येते. मलवाहिनी मात्र अर्धवट भरलेली आणि उतारावर वाहणारी असते. तिचा उतार कोठेतरी तुटला तर मैलापाणी उपसण्यासाठी केंद्र उभारावे लागते आणि ते अखंड विजेवर चालवावे लागते. म्हणून मलवाहिन्यांचे जाळे खालून वर आखायचे असते. आधी सर्वांत सखल जागी शुद्धीकरण प्रकल्प, मग तेथून वर येणारी मुख्य वाहिनी, मग तिच्या फांद्या आणि शेवटी घरे. गृहबांधणी नेमकी उलट दिशेने होते. जेथे जमीन स्वस्त मिळेल तेथे, मग ती टेकडीच्या उतारावर असो की ओढ्याकाठी, इमारत आधी उभी राहते. अशा दहा-वीस संकुलांमधून वाट काढत नंतर मुख्य वाहिनी न्यायची म्हटले की जागा उरते ती फक्त नाल्याची. पुण्यात अनेक ठिकाणी मलवाहिन्या नाल्याच्या कडेने किंवा पात्रातूनच गेल्या आहेत. मोठ्या पावसात चेंबर फुटतात आणि मैलापाणी व पूर एकत्र वाहतात.

वाढ सलग, लागून-लागून व्हावी याला आणखी एक कारण आहे. मैला तळाशी न बसता वाहून जावा यासाठी मलवाहिनीतील प्रवाहाला सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटरचा वेग लागतो. भविष्यातील पन्नास हजार वस्तीसाठी मोठी वाहिनी टाकली आणि पहिली दहा वर्षे तिच्यावर दोनच संकुले राहिली, तर प्रवाह मंदावतो, गाळ साठतो, वायू कोंडतो आणि नवी वाहिनी वापराआधीच जुनी होते. लहान टाकली तर वस्ती भरल्यावर पुन्हा रस्ता खोदावा लागतो. जलवाहिनीचे गणित थोडे उदार आहे. तिचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच दाबाच्या उतारावर ती जवळजवळ सहापट पाणी वाहून नेते. खोदाईचा खर्च मात्र सहापट होत नाही. पुढच्या तीस वर्षांचा विचार करून वाहिनी टाकणे स्वस्त पडते ते यामुळे. परंतु कोणता भाग आधी भरणार आणि कोणता नंतर, हे ठरलेले असेल तरच हा हिशेब मांडता येतो. इकडे एक संकुल, मध्ये तीन किलोमीटर शेत, तिकडे दुसरे संकुल, अशी वाढ झाली की ओसाड जागेतूनही वाहिनी न्यावी लागते आणि तिचा खर्च साऱ्या शहराच्या पाणीपट्टीवर येऊन पडतो.

कायद्यात याची सोय नाही, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात पाणीपुरवठा व मलनिस्सारणाचे प्रस्ताव असावेत, असे सांगितले आहे. प्रत्यक्षात आराखड्यात टाकीसाठी भूखंड आरक्षित होतो. तो ताब्यात घेण्यासाठी पैसा कधी येणार, हे आराखडा सांगत नाही. त्याहून जुनी आणि अधिक सरळ पद्धत नगररचना योजनेची. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्याने ती आणली. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि गटारे आधी आखायची, उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीतून सुधारणेचा खर्च वसूल करायचा, अशी ती रीत. मुंबईत वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि पुण्यात भांबुर्डे या भागांचा नीटनेटका आराखडा या योजनांतून आला. नंतर गुजरातने ही पद्धत नेटाने चालू ठेवली. महाराष्ट्रात ती बरीच मागे पडली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण येथे अलीकडे ती पुन्हा हाती घेतली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

नियोजन करणाऱ्यांनी हात आखडला की न्यायालयाला क्रम लावावा लागतो. पाणी अपुरे असताना नव्या बांधकामांना परवानग्या कशा दिल्या जातात, असा प्रश्न २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीबाबत आणि २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि दोन्ही ठिकाणी न्यायालयाने नव्या परवानग्यांना लगाम घातला. असा लगाम नगररचनेच्या नियमातच असावा, हा प्रयोग न्यूयॉर्क राज्यातील रामापो या गावाने १९६९ मध्ये केला होता. मलनिस्सारण, पावसाळी गटारे, रस्ते, उद्याने व शाळा आणि अग्निशमन केंद्र यांच्या उपलब्धतेनुसार प्रत्येक प्रस्तावाला गुण द्यायचे. २३ पैकी १५ गुण मिळाले तरच घरबांधणीस परवानगी. गावाने या सुविधा अठरा वर्षांत टप्प्याटप्प्याने पुरवण्याचा कार्यक्रम आखला होता. घाई असलेल्या विकसकाने त्या स्वतः उभारून गुण मिळवावेत. तेथील वरिष्ठ न्यायालयाने १९७२ मध्ये ही योजना वैध ठरवली. तिच्यावर झालेली टीकाही विसरता येत नाही. परवानग्या रोखल्या की घरे महागतात आणि गरिबाला तेथे थारा राहत नाही. आपल्याकडे तर तो गुंठेवारीच्या घरात जाईल, जेथे मलवाहिनी आणखी उशिरा पोचते. म्हणून परवानग्या रोखून धरताना सेवा कोणत्या तारखेपर्यंत पोचेल, हेही सांगावेच लागते.

जुन्या शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. दोन मजली बंगल्यांसाठी पन्नास वर्षांपूर्वी टाकलेल्या वाहिनीवर आता बारा मजली इमारत जोडली जाते. वाढीव चटई क्षेत्राचे अधिमूल्य महापालिकेला मिळते; ते त्याच गल्लीतील वाहिनी बदलण्यासाठी खर्च व्हावे, असे बंधन सहसा नसते.

पाणी येते कोठून, हेही या नियोजनाचेच अंग. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मरण पावले आणि ती योजना वर्षानुवर्षे रखडली. भामा-आसखेड धरणातून पुण्याच्या पूर्व भागाला पाणी देणाऱ्या योजनेचे कामही धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नावर वारंवार थांबले. ती २०२१ च्या पहिल्या दिवशी कार्यान्वित झाली. तोवर नगर रस्ता, खराडी, वडगाव शेरी हा पट्टा इमारतींनी भरून गेला होता. धरणग्रस्तांचे देणे आधी फिटले असते, तर या भागाची टँकरची वर्षे बहुधा कमी झाली असती. हा खर्च वाहिनीच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.

आणि शहराने वापरलेले पाणी पुढे जातेच. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाह्याने ९९० कोटी रुपयांची योजना केंद्राने २०१६ मध्ये मंजूर केली. रोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करणारी ११ केंद्रे उभी राहायची होती. मूळ मुदत जानेवारी २०२२ ची होती. निविदा आणि जागांचे ताबे यांत ती उलटून गेली. त्या काळातही परवानग्या चालूच राहिल्या. मुंढवा येथून शुद्ध केलेले सांडपाणी कालव्यात सोडून ते शेतीला द्यायचे आणि त्या बदल्यात खडकवासल्याचे पाणी शहराने घ्यायचे, अशी व्यवस्था पुण्याने पूर्वीच स्वीकारलेली आहे. शुद्धीकरण अपुरे राहिले की हवेली-दौंडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला शहराचे मैलापाणी येते. नदीत जाते ते भीमेतून उजनी धरणात उतरते. त्या धरणातून सोलापूर शहराची जलवाहिनी निघते.