लॅपटॉपचे एक सॉकेट, हेडसेटच्या दोन पिना

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अध्यापन, प्रशिक्षण व आढावा बैठका यांचा मोठा भाग दूरदृश्य प्रणालीवर आला. शाळा पुढे पूर्ववत सुरू झाल्या. परंतु अशा बैठका व प्रशिक्षणवर्ग ही कामकाजाची नित्याची बाब होऊन राहिली आहे. त्यांत एक अडचण वारंवार अनुभवास येते. हेडसेट लावलेल्या व्यक्तीस सर्वांचे ऐकू येते, पण तिचे बोलणे कोणापर्यंत पोहोचत नाही. उपस्थिती नोंदली जाते. गावाची अडचण मात्र नोंदवायची राहते. हेडसेट बिघडला असे समजून तो कपाटात जातो. वस्तुतः पुष्कळदा दोष असतो तो पिन आणि सॉकेट यांचा मेळ नसण्याचा.

दोहोंचे एक झाले

जुन्या संगणकांना दोन स्वतंत्र सॉकेट असत : ऐकण्यासाठी हिरवे आणि मायक्रोफोनसाठी गुलाबी. लॅपटॉप सडपातळ होत गेले तसे दोहोंचे काम एकाच सॉकेटवर सोपविण्यात आले. त्याच्या शेजारी बहुधा मायक्रोफोनसह हेडफोनचे चिन्ह असते. पिनेची जाडी सर्वत्र ३.५ मिलिमीटरच असल्याने कोणतीही पिन त्यात बसते. मात्र बसणे वेगळे आणि चालणे वेगळे.

पिन कशी ओळखावी?

पिनेवरील आडव्या रेषा मोजाव्यात. दोन रेषा असल्यास पिनेचे तीन भाग होतात : डावा कान, उजवा कान व सामाईक तार. अशा पिनेच्या हेडफोनमधून केवळ ऐकता येते. तीन रेषा असल्यास चार भाग होतात आणि चौथा भाग मायक्रोफोनसाठी असतो. एकत्रित सॉकेटला अशीच पिन लागते.

हेडसेटला हिरवी व गुलाबी अशा दोन पिना असतील, तर जोडतार घ्यावी. तिच्या एका टोकास तीन रेषांची पिन आणि दुसऱ्या टोकास हेडफोन व मायक्रोफोन यांची दोन सॉकेट असतात. खरेदी करताना सावधगिरी हवी. दोन व्यक्तींना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून मिळणारी जोडतार दिसावयास अशीच असते. परंतु तिच्या पिनेवर दोनच रेषा असतात व तिच्यातून मायक्रोफोन चालत नाही.

चार भागांच्या पिनेतही दोन पद्धती आहेत. आज प्रचलित असलेल्या ‘सीटीआयए’ पद्धतीत मायक्रोफोन पिनेच्या बुडाशी, तर जुन्या ‘ओएमटीपी’ पद्धतीत त्याच्या अलीकडच्या भागावर असतो. पद्धत न जुळल्यास आवाज पोकळ, दुरून आल्यासारखा वाटतो आणि मायक्रोफोनही काम करीत नाही. त्यासाठी रूपांतर करणारी निराळी जोडतार मिळते.

संगणकास सांगणे

पिन पूर्ण आत गेली आहे याची खात्री करावी. कोणते उपकरण जोडले, अशी विचारणा पडद्यावर झाल्यास ‘हेडसेट’ निवडावे. ‘हेडफोन’ निवडल्यास लॅपटॉप स्वतःचाच मायक्रोफोन वापरीत राहतो. त्यानंतर ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट’ म्हणून हेडसेटचा मायक्रोफोन निवडलेला आहे का, तसेच बैठकीच्या अ‍ॅपला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी आहे का, हे पाहावे. तारेवर मायक्रोफोन बंद करण्याचे बटण असल्यास तेही तपासावे.

इतके करूनही यश न आल्यास यूएसबी हेडसेट हा सुलभ पर्याय होय. त्याची ध्वनियंत्रणा त्याच्यातच असल्यामुळे पिनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही सर्व तपासणी बैठकीपूर्वी दहा मिनिटे आधी करावी. सहकाऱ्यास फोन लावून दोन वाक्ये बोलून पाहिली तरी पुरे. जोडतारेस फार खर्च येत नाही; शाळेत व ग्रामपंचायत कार्यालयात ती लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवल्यास आयत्या वेळी कोणाचा शब्द अडून राहणार नाही.