बंद शटरापाठचे दुकान

थेरगावात डांगे चौकाकडून पवनेच्या बाजूला वळणाऱ्या एका गल्लीत, पिठाची गिरणी आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान यांच्यामध्ये, एक जुने शटर महिन्याचे बहुतेक दिवस ओढलेले असते, आणि तरीही त्या बंद दारासमोर दिवसाकाठी दहा-पाच माणसे थबकतात, गिरणीवाल्याला "माल आला का?" एवढेच विचारतात आणि उत्तर ऐकून चालू लागतात. जे दुकान क्वचितच उघडते त्याची एवढी विचारपूस का व्हावी, याचा शोध घ्यावा असे संपादकांनी सुचविले, आणि मी गेलो.

ते रेशनचे दुकान आहे. या संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर धान्यावरील नियंत्रणे उठली आणि पुन्हा लादली गेली. १९७२च्या दुष्काळात खाल्लेल्या लाल मिलोच्या भाकरीची आठवण वृद्ध माणसे अजून काढतात. १९९९ साली राज्यात पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या शिधापत्रिका आल्या. आणि २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्याचा हक्क दिला. गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो हे दर जानेवारी २०२३पासून गेले. आता हे धान्य मोफत मिळते.

दुकानाचा परवाना आताच्या दुकानदाराच्या वडिलांचा. आसपास शेते होती आणि कारखान्यांतला कामगार नुकता खोल्या शोधत इकडे येऊ लागला होता, त्या दिवसांत वडिलांनी तो घेतला. शटर एवढे बंद का, या प्रश्नावर मुलाने तक्रारीचा सूर न लावता हिशेबच मांडला. शासकीय गोदामातून गाडी कधी येईल हे त्याच्या हाती नाही. कधी तांदूळ आधी येतो, गव्हासाठी आठवडाभर वाट पाहावी लागते. आणि त्याचे मार्जिन क्विंटलमागे दीर्घकाळ १५० रुपये होते, ते २०२५ साली १७० झाले. चार माणसांच्या कुटुंबाचे २० किलो मोजून दिले की त्याच्या पदरी ३४ रुपये पडतात. त्यातून जागेचे भाडे, विजेचे बिल आणि पोती उतरवणाऱ्या माणसाची मजुरी भागवायची, तर उरलेले दिवस दुसरा धंदा पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. मला हा हिशेब प्रामाणिक वाटला, आणि बंद शटरावरून माणसाची पारख करण्याची आपली सवय अन्यायाची आहे, हेही त्याच वेळी जाणवले.

परंतु माझे चित्त गुंतले ते गल्ल्यावर ठेवलेल्या ई-पॉस यंत्रात. पूर्वी येथे जाडजूड नोंदवही आणि कार्बन घातलेले पावतीपुस्तक असे. आज तळहातापेक्षा थोडे मोठे असलेले हे यंत्र त्या साऱ्या दप्तराचे काम करते. शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक दाबला की पडद्यावर कुटुंबातील नावे उमटतात. आलेल्या माणसाचे नाव निवडायचे, त्याने काचेवर अंगठा टेकवायचा, आणि तो ठसा आधारच्या नोंदीशी जुळला तरच पावती बाहेर येते. अंगठा जुळेपर्यंत घमेले पोत्यात जात नाही. नांदेडचे कार्ड थेरगावात चालते, बिहारचेही चालते, हे या यंत्राचे मोठेच उपकार. पोटापाठी गाव सोडलेल्या माणसाचा शिधा त्याच्या पाठोपाठ येतो, आणि या पट्ट्यात अशी माणसे पावलोपावली आहेत.

मी बसलो असताना एक पोक्त बाई आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. त्यांनी अंगठा टेकवला. यंत्राने नकार दिला. "मावशी, दाबू नका, नुसता टेकवा," दुकानदार म्हणाला, आणि गल्ल्याखालचा ओला फडका पुढे केला. त्यांनी अंगठा पुसला, पदराला कोरडा केला, पुन्हा टेकवला. मग तर्जनी, मग डावा हात. मी त्यांचा अंगठा जवळून पाहिला: साबणाने आणि घासणीने कातडी गुळगुळीत होऊन तिच्यावर आडव्या बारीक भेगा पडल्या होत्या, आणि ठशाच्या वळ्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. डाव्या मधल्या बोटावर पावती आली, तेव्हा मागच्या रांगेने सुटकेचा श्वास सोडला.

जेथे माणसे हातांनीच पोट भरतात, तेथे हातावरच्या रेषांवर शिधा अवलंबून ठेवला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. फाउंड्रीतील भट्टीपुढे, लेथवरच्या कूलंटमध्ये, बांधकामावरच्या सिमेंटमध्ये येथील बोटे रोज झिजतात. नव्या यंत्रांत डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटविण्याची सोय आली; ती उपकारक आहे, पण म्हाताऱ्या माणसाचा थरथरता डोळा त्या भिंगासमोर स्थिर धरवणे सोपे नसते. त्यातच कधी सर्व्हर बंद, कधी रेंज नाही. रांगेतल्या कामगाराची पाळी चुकते, अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. त्यावर ई-केवायसीची भर: कार्डावरील प्रत्येक माणसाने आपली ओळख पटवून द्यायची, मुदत वाढत गेली तरी न केलेल्याचे नाव वगळले जाण्याची धास्ती कायम.

केवळ आधार जुळले नाही म्हणून पात्र माणसाचे धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७मध्ये, झारखंडातील एका बालिकेच्या मृत्यूनंतर, राज्यांना लेखी कळविलेले आहे. दुकानाबाहेरच्या फलकावर साठा आहे, दुकानाची वेळ आहे, तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. ही सूचना मात्र नाही. ती तेथे ठळक अक्षरांत लिहिली गेली पाहिजे, आणि दुकानदारालाही ती पाळण्याचे स्पष्ट अभय मिळाले पाहिजे; कारण अंगठ्यावाचून दिलेल्या प्रत्येक किलोचा जाब पुढे त्यालाच द्यावा लागेल, या भीतीने तो आज अशा माणसाला परिमंडळ कार्यालयात अर्ज करायला पाठवितो. अर्ज रुजू होऊन म्हातारी परत येईपर्यंत महिन्याचा माल वाटून झालेला असतो, आणि शटर पुन्हा खाली आलेले असते.