चाकातील निरोप्या

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात सायंकाळी फेरी मारली, तर मोटारींची हौस किती परींची असते ते दिसून येते. ट्रकच्या घाटणीची भक्कम पिकअप गाडी घ्यावी, कारखान्याने दिलेली चाके उतरवावीत आणि त्यांच्या जागी रुंद, चकचकीत अलॉयची चाके चढवावीत, ही हौस आता पुण्या-मुंबईप्रमाणे येथेही रुजली आहे. जवळच्या होसूर रस्त्यावरून पोटासाठी धावणारे जड ट्रकही जातात. हौसेची पिकअप आणि कष्टाचा ट्रक या दोहोंपुढे चाके बदलताना एक प्रश्न सारखाच उभा राहतो. जुन्या चाकाच्या पोटात बसलेल्या हवेच्या सेन्सरचे काय करावयाचे?

प्रथम हा सेन्सर म्हणजे काय ते पाहू. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, वॉल्व्हच्या आतल्या टोकाला काड्यापेटीहूनही लहान अशी एक डबी बसविलेली असते. तिचे वजन साधारण तीस ग्रॅम. तिच्यात एक लिथियमची बॅटरी असते. ही डबी टायरमधील दाब व उष्णता मोजते आणि ते आकडे बिनतारी लहरींवरून चालकापुढील फलकाकडे धाडते. चाकात बसलेले हे एक इवलेसे नभोवाणी केंद्रच म्हणावयास हरकत नाही. श्रोत्यांना त्याची रीत समजावयास अवघड जाऊ नये. संच ज्या लहरीवर लावलेला असेल तेवढेच केंद्र आपणांस ऐकू येते. गाडीचेही तसेच आहे. भारतातील व युरोपातील बहुतेक गाड्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर कान देऊन असतात. अमेरिकेतील कित्येक गाड्यांसाठी ३१५ मेगाहर्ट्झची लहर वापरतात. शिवाय प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो, आणि ज्यांचे क्रमांक गाडीच्या स्मृतीत नोंदलेले आहेत त्यांच्याच निरोपावर ती विश्वास ठेवते.

या निरोपाचे मोल किती? हवा कमी झालेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, उष्णतेने रबर व आतील थर यांची पकड सुटते आणि भरधाव वेगात टायर फुटतो. अमेरिकेत टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही योजना सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना, आणि जुलै २०२४ पासून नव्या ट्रकांनाही ती लागू झाली. आपल्याकडे २०२० साली केलेल्या नियमानुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबरहित टायर, हा सेन्सर आणि टायर-दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिलेली नाही. ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिच्यातील सेन्सर मुका होणे किती महागात पडेल, ते सांगावयास नको.

आता चाक बदलण्याकडे वळू. पहिली गोष्ट, सेन्सर नव्या चाकात बसला पाहिजे. वॉल्व्हचे छिद्र जुळले पाहिजे आणि आतली डबी रिमच्या खोलगट भागात नीट विसावली पाहिजे. ती वर उचललेली राहिली, तर टायर चढविताना त्याची कड तिच्यावरून जाऊन ती फुटते. जुना सेन्सर नव्या चाकात घालावयाचा असेल, तर वॉल्व्हची रबरी चकती व आतील कळ नवी घ्यावी. वॉल्व्हची दांडी अल्युमिनियमची असल्यास कळ निकेलचा मुलामा दिलेलीच असावी, कारण साधी पितळी कळ गंजून दांडीतच अडकून बसते. नट हाताच्या अंदाजाने न आवळता, निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावा. सेन्सरच्या वजनामुळे चाकाचे बॅलन्सिंगही नव्याने करणे आवश्यक आहे.

जुना सेन्सर ठेवावा की नवा घ्यावा? बॅटरी डबीतच बंद केलेली असते. ती बदलता येत नाही आणि पाच ते दहा वर्षे टिकते. सहा-सात वर्षांचे सेन्सर नव्या चाकात घालणे ही खोटी काटकसर होय. ते लवकरच थकतील आणि टायर पुन्हा उतरवावे लागतील. नवे घेतल्यास त्यांचे क्रमांक गाडीला शिकवावे लागतात. काही गाड्या थोडा वेळ चालविल्यावर ते आपोआप शिकतात. इतरांना यंत्र जोडून शिकवावे लागते. जुन्या सेन्सरचाच क्रमांक नव्यात उतरविण्याची सोयही असते. यांतले काहीच केले नाही, तर बऱ्याच गाड्यांत फलकावरचा दिवा सुमारे मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटलेलाच राहतो. त्यावर काळी पट्टी चिकटवून मोकळे होणारेही असतात. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबून निजण्यासारखेच हे आहे.

याहूनही नाजूक गोष्ट पुढेच आहे. दिवा कोणत्या दाबाला लागावा, हे कारखान्याने मूळ टायर गृहीत धरून ठरविलेले असते. समजा, मूळ टायरचा दाब ३५ पौंड आहे आणि पाव हिस्सा घटल्यावर, म्हणजे २६ पौंडांवर, दिवा लागतो. तुम्ही जाड कवचाचे, जड मालाचे टायर बसविले आणि तेवढ्याच ओझ्यासाठी त्यांना ५० पौंड हवे असले, तर ३० पौंडांवर ते धोक्यात असतील. परंतु दिवा शांत राहील. सेन्सर आकडा खरा सांगतो, पण टायर बदलल्याची त्याला खबर नसते. म्हणून ही मर्यादा वाढविता येते का, ते विचारावे. येत नसेल, तर दिव्यावर विसंबू नये.

काही गाड्यांच्या चाकात डबी नसतेच. हवा घटली की चाकाचा घेर किंचित आखडतो व ते अधिक वेगाने फिरते. ब्रेकच्या यंत्रणेतील वेगमापकांवरून गाडी हे ओळखते. तेथे नवे चाक बसविल्यावर थंड टायरमध्ये योग्य हवा भरून मगच नवी नोंद करावी. कमी हवेवर नोंद केली, तर गाडी त्या कमीलाच योग्य मानून चालेल.

जड ट्रकची गोष्ट वेगळी. त्याच्या टायरमध्ये शंभर पौंडांहून अधिक हवा असते. हलक्या गाडीचा सेन्सर व रबरी वॉल्व्ह तेथे चालत नाहीत. धातूचा वॉल्व्ह आणि जड वाहनांचाच सेन्सर लागतो. मागच्या जोडचाकांतील आतले चाक तर नजरेस पडतच नाही. किन्नर दांडा ठोकून आवाजावरून अंदाज घेतो, पण थोडी घटलेली हवा त्या आवाजात उमटत नाही. तेथेच सेन्सरचा खरा उपयोग आहे.

एक शेवटची सूचना. टायर दहा अंशांनी तापला, तर ३५ पौंडांच्या टायरमध्ये दीडएक पौंड दाब वाढतो. मुंबईत समुद्रसपाटीला हवा भरून नऊशे मीटर उंचीवरील बेंगळुरूला आले, तरी बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे मापकावर दीडएक पौंड अधिक दिसतो. हे आकडे पाहून तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये. सकाळी, चाक थंड असताना मापावे.

तेव्हा नव्या चाकांचे पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. सेन्सर या रिममध्ये नीट बसेल काय? त्याची लहर गाडीशी जुळते काय? त्याचा क्रमांक गाडीला कोण शिकविणार? आणि या नव्या टायरला दाब किती हवा? चारही उत्तरे समाधानकारक मिळाली, तर चाक खुशाल बदलावे. त्याची झळाळी रस्त्यावरच्या लोकांसाठी असते. आतला निरोप गाडीत बसलेल्यांसाठी असतो.