चूकभूल द्यावी घ्यावी

परवा राजवाड्याजवळच्या बाजारातून साडी आणली. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापले होते, ‘भूल-चूक लेनी-देनी’. नातीने विचारले, "आजी, दुकानदार माफी मागतोय का गं?"

माफी नव्हे, हा हिशेबाचा करार आहे. मराठी बिलावर तो ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असा असतो, जागा अपुरी पडली की नुसते ‘चु. भू. द्या. घ्या.’ चूक म्हणजे आकडा किंवा बेरीज चुकणे. भूल म्हणजे एखादी नोंद विसरून राहणे. (आताच्या मुलांना भूल म्हटले की ऑपरेशनच आठवते!) पैसे जास्त लागले असतील तर दुकानदाराने परत करावेत, कमी लागले असतील तर गिऱ्हाइकाने आणून द्यावेत. इंग्रजी बिलावर याच जागी ‘ई. अँड ओ. ई.’ छापतात. त्याचा अर्थ ‘चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी वगळून’. त्यात बिल करणारा फक्त स्वतःला मोकळा ठेवतो. आपली ओळ दोघांनाही बांधते, म्हणून मला ती अधिक सरळ वाटते.

आमचे नाना ती शब्दशः पाळत. एकदा किराण्याच्या बिलात तुपाचा डबा लिहायचा राहिला. नाना भर उन्हात सायकल काढून पैसे देऊन आले. "संध्याकाळी गेला असतात तर?" आई म्हणाली. "खाली लिहिलंय ना," एवढेच त्यांचे उत्तर.

त्याच बिलांवर दुसरी एक ओळ असते, ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’. ती वाचून आपण निमूट घरी येतो. येऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. मात्र माल चांगला असून घरी आल्यावर नुसता रंग पसंत पडला नाही, तर या तरतुदीचा उपयोग नाही. तिथे दुकानदाराच्या मर्जीवरच.

आमच्या साडीच्या पदरात विणीचा दोष निघाला, म्हणून तर बिल इतके निरखून वाचले गेले. ते घेऊन आम्ही दुकानात गेलो. थोडी कुरकुर झाली, पण साडी बदलून मिळाली. नव्या बिलात फॉल-पिकोचे पैसे लावायचे राहिले होते. ते नातीनेच दाखवून दिले.